चिनी गाठींचे हार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी पद्धतीच्या गाठींचे हार मी बरीच वर्षं करते आहे, शिकवतेही. शिकायला येणाऱ्यांच्या शंका थोड्याफार फरकाने त्याच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. जिथे हात अडतो तिथे सविस्तर लिहिलं आहे.

चिनी गाठ म्हणजे मॅक्रमेच ना?

नाही. मॅक्रमेत पुष्कळ दोरे एका दांडीवर टांगतात आणि गाठी मारत खाली येतात. चिनी गाठीत बहुतेक वेळा दोरी एकच. तिचा मध्य धरायचा, दोन पदर करायचे आणि त्या दोन टोकांनीच अख्खी गाठ विणायची. झालेली गाठ डावी-उजवी सारखी असते आणि पुढून दिसते तशीच मागूनही दिसते. गळ्यात हार फिरला, उलटा झाला, तरी त्याला 'मागची बाजू' नसते. काही साध्या गाठी दोन्ही कलांत सारख्या आहेत, उदाहरणार्थ चपटी गाठ. पण विचार करण्याची रीत वेगळी.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे हार म्हटला की मणी, सोनं, मोती हे आधी. दोरा शक्यतो दिसू नये असाच बेत असतो. इथे दोरी हाच दागिना आहे. मणी घालायचा तो गाठ उठून दिसावी म्हणून.

ही कला किती जुनी आहे?

दोरी कुजते, त्यामुळे फार जुने नमुने हाती लागत नाहीत. कोरीवकाम, चित्रं आणि मूर्तींच्या कमरेच्या दोऱ्या यांवरून अंदाज बांधावा लागतो. लिपी येण्याआधी लोक दोरीला गाठी मारून व्यवहार लक्षात ठेवत, असा उल्लेख 'यी चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या टीकेत आहे. कमरेला जेडचं पदक लटकवायची चाल चीनमध्ये फार जुनी, आणि ते लटकवायला दोरी आणि गाठ लागणारच. छिंग राजवटीच्या काळात (१६४४ ते १९१२) ही कला बहराला आली. पंखा, अत्तराची पुरचुंडी, तंबाखूची थैली, चष्म्याचं घर, जे काही लटकवायचं त्याला गाठ आणि गोंडा असे.

विसाव्या शतकात मात्र ती मागे पडली. १९७० आणि १९८० च्या दशकांत तैवानमध्ये लिडिया चेन यांनी जुन्या वस्तूंवरच्या गाठी उकलून, समजून घेऊन त्या पुन्हा बांधून दाखवल्या आणि त्यांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांनी ११ मूळ गाठी सांगितल्या. आज जगभर जे शिकवलं जातं ते बरंचसं त्या मांडणीवर उभं आहे. कोरियात 'मेदप' आणि जपानमध्ये 'हानामुसुबी' अशा या कलेच्या बहिणी आहेत, पण त्यांचा बाज वेगळा. सगळ्यांना एकाच नावाने हाक मारू नये.

हारासाठी कोणत्या गाठी आधी शिकू?

तीन पुरेत: गुंडी गाठ, जोडनाणं गाठ आणि चपटी गाठ. मराठी नावं माझी सोयीची आहेत.

जोडनाणं म्हणजे एकमेकांवर चढलेली दोन नाणी. जुनी चिनी नाणी गोल, मध्ये चौकोनी भोक. ती दोरीत ओवून ठेवत. म्हणून ही गाठ समृद्धीची. ती सपाट असते, जागा सोडून बसते, आणि ओळीने पाच-सात मारल्या तर नुसत्या दोरीचा सुंदर पट्टा होतो. दोष एकच: ती स्वतःहून घट्ट राहत नाही, पसरते. मागून त्याच रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालावे लागतात.

गुंडी गाठ म्हणजे चिनी अंगरख्याच्या कापडी बटणाची गाठ. हारात सगळ्यात जास्त कामाला येते ती हीच. २ मिलिमीटरच्या दोरीत ती साधारण हरभऱ्याएवढी होते, पातळ दोरीत ज्वारीच्या दाण्याएवढी. मणी जागेवर धरून ठेवते, दोन पदर एकत्र आणते, हाराच्या टोकाला फाशात अडकवायला बटणही होते.

गुंडी गाठ शब्दांत समजावून सांगाल?

प्रयत्न करते. दोरी हातात घेऊनच वाचा.

दोरी मधोमध दुमडा. दुमड वर, दोन्ही टोकं खाली. त्या दोन टोकांनी आधी एक ढिली जोडनाणं गाठ मारा. मध्ये एक पोकळ चौकट दिसते, तिच्यावर नजर ठेवा. आता एक टोक घ्या. वरच्या दुमडीकडे जाणारा शेजारचा पदर आहे त्याला बाहेरून वळसा घाला आणि खालच्या बाजूने त्या चौकटीतून वर काढा. दुसरं टोक समोरच्या बाजूने तसंच. दोघांनी एकाच दिशेने फिरायचं, घड्याळाच्या काट्यांसारखं. शेवटी दुमड एका बाजूला आणि दोन्ही टोकं विरुद्ध बाजूला, एकत्र, मधूनच वर आलेली दिसली पाहिजेत. तशी दिसली नाहीत तर एक वळसा चुकला आहे. ओढू नका, मागे जा.

खरं काम यापुढे. टोकं जोरात खेचली की गाठ वाकडी बसते आणि तशीच आवळते. त्याऐवजी दुमड थोडी ओढा, मग टोकं थोडी, मग गाठीत जिथे फासा सैल दिसतो तो नखाने किंवा चिमट्याने उचलून पुढच्या वळणाकडे सरकवा. ढील एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गाठीतून चालवत न्यायची असते. तीन-चार फेऱ्यांत गाठ गोल होते. शेवटच्या फेरीत ती बोटांत फिरवून बघा: वेणीसारखी नक्षी सगळीकडून एकसारखी दिसते.

गाठ हवी त्यापेक्षा सेंटिमीटरभर खाली बसली, ही सगळ्यांची तक्रार. ती सोडू नका. एका पदराची ढील वरून आत घालून संपूर्ण गाठीतून खाली काढा, मग दुसऱ्या पदराची. गाठ वर चढत जाते.

कोणती दोरी घ्यावी?

शिकण्यासाठी २ मिलिमीटरची सॅटिन दोरी. चकाकते, मऊ असते, वळण स्पष्ट दिसतं. पण ती निसरडी आहे. गाठ सैल पडते आणि दोरीला पीळ पडला की चमक तुटक दिसते. हात बसल्यावर विणलेली नायलॉन दोरी घ्या. चीनमध्ये या दोऱ्या क्रमांकाने विकतात: ५ क्रमांकाची साधारण अडीच मिलिमीटर, ७ क्रमांकाची दीड. क्रमांक वाढला की दोरी पातळ. पदकासोबतच्या नाजूक हाराला ७ क्रमांक मला सगळ्यात योग्य वाटते.

रेशमी दोरी सुंदर दिसते, पण महाग आणि घामाने लवकर मलूल होते. खरं रेशीम आहे का हे पाहायचं तर एक धागा जाळा: केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. साडी घेताना घरातल्या मोठ्या बायका करतात तीच परीक्षा.

पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला दागिन्यांचं सुटं सामान मिळतं, तिथे 'डोरी' म्हणून मागा. राखीच्या हंगामात रंग जास्त मिळतात. लोकरीचा किंवा सुती शिवणाचा दोरा घेऊ नका. गाठीचं रूपच उमटत नाही.

एका हाराला किती दोरी लागते?

दोरीची जाडी आणि तुमचा हात यांवर आहे. म्हणून मी सगळ्यांना एक काम करायला लावते: एक मीटर दोरी कापा, तिच्यावर हवी ती गाठ मारा, उरलेली लांबी मोजा. किती खर्ची पडली ते वहीत लिहा, दोरीच्या जाडीसकट. पाच-सहा नोंदी झाल्या की हाराचा हिशेब स्वतःच करता येतो. त्यात वर ३० सेंटिमीटर तरी जास्त धरा. दोरी कमी पडली तर मध्ये जोड देता येत नाही, अख्खा हार उसवावा लागतो.

साहित्य काय काय?

कात्री, टाचण्या, टाचण्या रुततील असा फोमचा किंवा बुचाचा तुकडा, बारीक टोकाचा चिमटा, बोथट सुई, लायटर, मोजपट्टी. पहिल्या हाराला टाचण्या-फोमही लागत नाहीत.

पहिला हार कोणता करावा?

मध्ये भोक असलेली जेडची किंवा दगडाची गोल चकती आणि दीड मीटर दोरी. चीनमध्ये अशा चकतीला 'फिंग-आन खोऊ' म्हणतात. फिंग-आन म्हणजे सुखरूपपणा.

दोरी दुमडून दुमड चकतीच्या भोकातून ओवा आणि दोन्ही टोकं त्या दुमडीतून बाहेर काढून ओढा. चकती लटकली. तिच्या लगेच वर दोन्ही पदरांची एक गुंडी गाठ मारा आणि वर सांगितल्याप्रमाणे ती चकतीला भिडेपर्यंत चालवत आणा. इथून दोन पदर वेगळे होतात, एक मानेच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींवर सारख्या अंतरावर एकेक मणी ओवून त्याच्या दोन्ही बाजूंना साधी निरगाठ मारा.

मागची बांधणी अशी: दोन्ही पदर मानेमागे एकमेकांवर दहा सेंटिमीटर चढवा, उलट-सुलट दिशेने. पन्नास सेंटिमीटरचा वेगळा तुकडा घेऊन त्या दोन्ही पदरांभोवती चार-पाच चपट्या गाठी मारा. एकदा डावं टोक वरून, एकदा उजवं. दर वेळी एकाच बाजूने सुरुवात केलीत तर पट्टा गोल पिळत जाईल. हार लांब-आखूड होताना गाठ किंचित अडखळत सरकली पाहिजे. सरसर सरकली तर सैल आहे. शेवटी मूळ पदरांच्या टोकांना मणी आणि निरगाठ, म्हणजे ते निसटणार नाहीत.

ठुशीच्या मागची गोंड्याची डोरी आठवा. गळ्याप्रमाणे हार वर-खाली करायची युक्ती आपल्याकडेही जुनीच आहे. त्यामुळे ही बांधणी मराठी बायकांना पटकन कळते, असा माझा अनुभव आहे.

पान छांग गाठ माझ्याकडून वेडीवाकडीच होते. काय चुकतं?

विणताना चुकत नसेल, ओढताना चुकत असेल. चिनी कारागीर या कामाचे तीन भाग सांगतात: विणणं, ओढणं, सजवणं. आपण विणण्याचे व्हिडिओ दहा वेळा बघतो आणि ओढणं दोन मिनिटांत उरकतो. माझा वेळ बरोबर उलटा जातो. विणायला दहा मिनिटं, ओढायला अर्धा तास.

पान छांग म्हणजे आडव्या-उभ्या पदरांची जाळी, कडेने फासे असलेली. या फाशांना चिनी भाषेत 'कान' म्हणतात. गाठ टाचण्यांवरून काढलीत की ती मोठ्या, ढिल्या जाळ्यासारखी दिसते. पहिलं पाऊल: सगळे कान एकाच वेळी बोटांत धरून चारी बाजूंना हलकेच ताणा, म्हणजे मधला चौकोन जवळ येतो. आधी मध्य घट्ट. मध्य सैल ठेवून कान आवळले तर गाठ कधीच सरळ बसत नाही.

मग दोरीच्या मध्यापासून, म्हणजे वरच्या फाशापासून सुरुवात करा. तिथली ढील चिमट्याने उचलून पुढच्या कानात आणा, त्या कानातून गाठीत, गाठीतून पुढच्या कानात, असं शेवटच्या टोकापर्यंत. एका पदराचं झालं की दुसऱ्याचं. पहिल्या फेरीत कान लहान करायचा मोह टाळा; ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एकसारखे करायचे. ओढताना दोरीला पीळ पडतो आहे का ते दर वळणावर बघा आणि तिथल्या तिथे उलटा फिरवून काढा. सॅटिनच्या दोरीवर पीळ लगेच दिसतो.

माझी पहिली पान छांग मी ओढली ती नणंदेच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना, घाईत. चार कान चार मापांचे झाले. ती गाठ मी अजून ठेवली आहे आणि वर्गात दाखवते, कारण तिचं विणकाम एकही वळण न चुकता बरोबर आहे. बिघडलं ते सगळं ओढण्यात.

२ मिलिमीटरच्या दोरीत लहानात लहान पान छांगला दीड मीटर बाजूला ठेवा. आकार बसला की कोपऱ्यांत, जिथे पदर एकमेकांवरून जातात तिथे, त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने लपवून एकेक टाका घाला. हारात ती सतत हलते, टाके नसतील तर महिन्याभरात कान वाढतात.

पान छांगचा आणि श्रीवत्साचा काही संबंध आहे का?

आहे. ही गाठ बौद्ध अष्टमंगलांपैकी एक. तिला सुरुवात नाही आणि शेवट नाही. संस्कृतात तिचं नाव श्रीवत्स. बौद्ध धर्माबरोबर ही मंगलचिन्हं चीनमध्ये गेली. विष्णूच्या छातीवर, जैन तीर्थंकरांच्या मूर्तींवर आणि पंढरीच्या विठोबाच्या वर्णनात आपण जे श्रीवत्सलांछन ऐकतो त्याचं नाव हेच, आकृती मात्र वेगवेगळी. चीनमध्ये आज ही गाठ इतकी ओळखीची आहे की 'चायना युनिकॉम' या दूरध्वनी कंपनीचं बोधचिन्हही तिच्यावरूनच घेतलं आहे.

लाल रंगच का?

चीनमध्ये लाल हा आनंदाचा, सणाचा, लग्नाचा रंग. वसंतोत्सवात, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरोघरी लाल गाठी लटकतात. शिवाय चिनी पंचांगातल्या बारा प्राण्यांच्या चक्रात बारा वर्षांनी स्वतःच्या जन्मवर्षाचा प्राणी पुन्हा आला की लाल दोरा अंगावर बाळगायची चाल आहे. पण हार लालच हवा असं काही नाही. हिरव्या जेडला काळी किंवा तपकिरी दोरी फार शोभते, आणि मोरपंखी दोरीत जुन्या चांदीचा मणी मला स्वतःला सगळ्यात आवडतो.

दोरीचा रंग जातो. आधी कसं ओळखायचं?

पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि दोरीवर दहा-बारा वेळा चोळा. रुमालावर गुलाबी छटा आली तर ती दोरी गळ्यात नको, तोरणाला वापरा. एका दुकानातून मी गडद लाल दोरीचं अख्खं रीळ ही परीक्षा न करता आणलं होतं. मैत्रिणीने हार पांढऱ्या कुडत्यावर घातला, मे महिन्यातलं लग्न, आणि कॉलरवर लाल रेघ उमटली ती गेलीच नाही. कुडता मी भरून दिला. तेव्हापासून प्रत्येक नव्या रिळाचा पहिला वीतभर तुकडा रुमालाला जातो.

हार घातल्याने भरभराट होते का?

गाठींना अर्थ आहेत आणि ते भाषेतून आले आहेत. गाठ म्हणजे 'ज्ये', शुभ म्हणजे 'जी'. दोरी 'शंग', देव 'शन'. उच्चार जवळचे, म्हणून अर्थही जोडले गेले. माशाला 'यू' म्हणतात आणि शिलकीलाही 'यू', म्हणून माशाच्या आकाराची गाठ भरपूर असण्याची. एकमेकींत गुंतलेल्या दोन गाठींची 'थोंग-शिन' गाठ म्हणजे एकचित्त, ती प्रेमाची. देताना हे सांगावं, घेणाऱ्याला आनंद होतो. पण 'घाला आणि पैसा येईल' असं सांगून हार विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शुभेच्छा आणि हमी यांत फरक आहे. विकताना 'चिनी गाठ' असंच नाव लिहा, 'आमची खास डिझाइन' नको. ज्यांची कला आहे त्यांचं नाव तिच्यासोबत राहू द्या.

मणी निवडताना काय बघायचं?

भोक. दुकानात मणी सुंदर दिसतो आणि घरी आल्यावर दोरी आत जात नाही. दीड मिलिमीटरचे दोन पदर जायला निदान ३ मिलिमीटरचं भोक हवं. दोरीचा तुकडा खिशात घेऊनच खरेदीला जा. भोकाची कड धारदार असेल तर मणी घेऊ नका, वर्षभरात दोरी कापली जाते.

टोकं कशी बंद करायची?

नायलॉन आणि पॉलिएस्टरचं टोक लायटरच्या निळ्या ज्योतीजवळ क्षणभर धरा, ज्योतीत नको. वितळलं की कात्रीच्या पात्याने दाबा; बोटाने दाबू नका, चटका बसतो. रेशीम आणि सूत वितळत नाहीत, त्यांना बारीक दोऱ्याचे वेढे आणि डिंकाचा थेंब. झटपट चिकटणारा डिंक गाठीवर ओतू नका. तो दोरीवर पांढरा डाग सोडतो आणि तिथे दोरी कडक होऊन मोडते.

पटवेकऱ्यांकडून हे करून मिळेल का?

मंगळसूत्र, ठुशी, मोत्यांचे सर गाठवून देणारे पटवेकरी अजून आहेत. त्यांच्या हातची सफाई आणि दोऱ्याचा ताण राखण्याची समज मला हेवा वाटावा अशी आहे. चिनी गाठी त्यांच्या परंपरेतल्या नाहीत, पण डोरी वळणं, गोंडा बांधणं, वेढे घट्ट बसवणं हे त्यांच्याकडून जरूर शिका. गोंडा कसा बांधायचा ते मी एका वयस्कर पटवेकऱ्यांच्या दुकानात उभं राहून पाहिलं. ते दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवत. मी आजही लांब पट्टा विणताना तसंच करते.

लहान मुलांना हा हार चालेल का?

अगदी लहान मुलांच्या गळ्यात कोणतीही न तुटणारी दोरी घालू नये. त्यांच्यासाठी तीच गाठ दप्तराला लावा.

हार मळला तर?

गार पाणी, सौम्य साबण, पाच मिनिटं भिजवा, चोळू-पिळू नका. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळवा. ओला असताना लटकवला तर चकतीच्या वजनाने गाठी लांबट होतात. रेशमी हार धुऊ नका.

घट्ट झालेली गाठ सोडवता येते का?

येते, वेळ लागतो. बोथट सुई गाठीत सगळ्यात शेवटी गेलेल्या वळणाखाली सरकवा. कुठलंही वळण उचललंत तर गुंता वाढतो; शेवटचं कोणतं हे टोकापासून मागे जात शोधा. सुई हलवून थोडी जागा करा, दोरी बाहेर ओढू नका, आत ढकला. एक वळण सुटलं की पुढची आपोआप सैल होतात. सोडवलेल्या सॅटिनवर वळ राहतात. वाफेवर धरून बोटांनी सरळ केली तर बरेचसे जातात, आणि तो तुकडा पुन्हा सरावाला वापरता येतो.